सव्वा महिन्याची मोजदाद

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी, १० मार्च रोजी, घाटघर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानं पुण्यात होतात, फार तर जुन्नरला. ती घाटमाथ्यावर आणण्याचा उपद्व्याप सहसा कोणी करत नाही. आयोजकांनी तो केला, याबद्दल आभार मानते आणि विषयाला हात घालते. मी आयुष्यभर परिचर्या शिकवली. त्यामुळे भाषणापेक्षा तास घेण्याची सवय जास्त. कंटाळा आला तर हात वर करा.

सकाळी नाणेघाटाच्या लेण्यात जाऊन आले. सातवाहनांच्या नागनिका राणीचा म्हणून जो शिलालेख सांगतात, तो तिथल्या भिंतीवर आहे. १८२८ मध्ये साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तो ‘शोधला’ असं पुस्तकात लिहितात. तुमचे खापरपणजोबा त्याच लेण्यात पावसाला थांबत असणार, पण त्याला शोध म्हणत नाहीत. लेखात यज्ञांची आणि दानांची यादी आहे: इतक्या गायी, इतके घोडे, इतकी कार्षापण नाणी. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७६च्या सुमारास ओळखलं, की अक्षरांच्या मधल्या काही खुणा म्हणजे आकडे आहेत. भारतात कोरलेल्या आकड्यांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. दिलेली गाय मोजायची आणि दगडात नोंदवून ठेवायची, ही रीत तुमच्या गावाच्या शेजारी दोन हजार वर्षांची आहे.

आज मला मोजण्याबद्दलच बोलायचं आहे. बाळ जन्मल्यानंतर सव्वा महिना काय मोजायचं, कोणी मोजायचं आणि ते न मोजल्यामुळे कोण जातं, याबद्दल.

ज्यांच्या स्मृतिदिनी आपण जमलो, त्यांची ओळख आपण शाळेपुरती ठेवली आहे. सावित्रीबाई म्हणजे पहिली मुलींची शाळा, शेणाचे गोळे, संपलं. पण १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. नको असलेलं मूल पोटात वाढत असलेल्या विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशी ती सोय होती. त्या घरातल्या बाळंतिणींची देखभाल सावित्रीबाई करत. तिथेच जन्मलेला काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोगी आणता आणता सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि त्या गेल्या.

१८८४ मध्ये जोतीरावांनी इंग्रजीत लिहिलेल्या एका टिपणात या घराचा हिशोब आहे. तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या. ५ मुलं जगली, ३० गेली. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे ती गेली, असं कारणही त्यांनी दिलं आहे. मला या दांपत्याचा सगळ्यात मोठा धाक वाटतो तो या नोंदीमुळे. स्वतःच्या संस्थेतले ३० मृत्यू कोणी इतक्या सरळपणे लिहीत नाही. वार्षिक अहवालात तर नाहीच.

आता अलीकडचा आकडा. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १६ बाळं वर्षाच्या आत गेली. त्यातली ११ पहिल्या २८ दिवसांतच. म्हणजे वर्षाचे बारा महिने, पण धोका बहुतेक सगळा पहिल्या महिन्यात भरलेला. त्या महिन्यातही पहिला आठवडा, आणि आठवड्यातही पहिला दिवस. आयांचंही तसंच आहे. राज्याचा माता मृत्यूदर २०१८-२० मध्ये लाखामागे ३३ वर आला होता, देशाचा ९७ होता तेव्हा. हे कौतुकाचंच आहे. पण ज्या आया अजूनही जातात त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त बाळंत झाल्यावर जातात. पेढे वाटून झाल्यावर.

वार जाते, तिथून आमचं काम सुरू होतं. गर्भाशय आवळलं पाहिजे. नाही आवळलं, तर रक्त थांबत नाही. हात बेंबीखाली ठेवून ते कठीण लागतं की लिबलिबीत, हे दर पंधरा मिनिटांनी बघावं लागतं. माझ्या विद्यार्थिनींना मी सांगायचे, की हे काम कंटाळवाणं आहे आणि त्या कंटाळ्यातच बाई वाचते. सगळं ठीक वाटत असतं, चहा येतो, नातेवाईक बाळ बघायला आत घुसतात, आणि तेवढ्यात चादरीखाली रक्त साचतं. बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं, की तो रक्तस्राव धोक्याचा. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बाईला त्याहून कमीही पुरतं.

गंमत अशी, की ५०० मिलिलिटर डोळ्यांना ओळखू येत नाही. कपड्यात मुरतं, जमिनीवर पसरतं, पाण्यात मिसळतं. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांत रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी जेमतेम निम्म्यांचा रक्तस्राव वेळेवर ओळखला गेला. दुसऱ्या गटात बाईच्या खाली मापाच्या रेघा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली आणि रेघ ओलांडली, की सगळे उपचार एकदम सुरू करायचे असं ठरवलं. तिथे ९३ टक्के ओळखले गेले. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी उतरले. औषधं तीच जुनी होती. फरक पडला तो रेघेने आणि सगळं एकदम सुरू करण्याने.

या पिशवीची एक आवृत्ती आपल्या शेजारची आहे, हे फार जणांना माहीत नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने तिथल्या खेड्यांत एक चाचणी घेतली, २००६ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये आली. १६२० बायका. प्रसूती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, उपकेंद्राच्या एएनएम, म्हणजे परिचारिका-सुईणी, होत्या. बाळंतपण झाल्याबरोबर निम्म्या बायकांना त्यांनी गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना बिनऔषधाच्या. आणि रक्त मोजलं, अशाच मापाच्या पिशवीत. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. गोळीला शीतपेटी लागत नाही, सुई लागत नाही. जिथे लाइट जाते तिथे याचं मोल कळतं.

आता बाई आणि बाळ दोघं बरी आहेत. सरकारचा नियम ४८ तास ठेवण्याचा. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात, म्हणजे २०११ पासून, नॉर्मल बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस आईचं जेवण फुकट आहे, औषध फुकट आहे, घरी सोडायला गाडीही आहे. तरी बाई दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाबांध करते. का? नर्सबाई चिडतात, ‘अडाणी आहेत’ म्हणतात. अडाणी नाहीत. घरी तीन वर्षांचं पोर आहे, म्हैस आहे, नवऱ्याला भाकरी करून द्यायला कोणी नाही. सोबत आलेल्या सासूला झोपायला जागा नाही, तिचं जेवण फुकट नाही. बाळंतिणीचा ४८ तासांचा नियम करताना तिच्या सोबतिणीचा विचार केला नाही, तर तो नियम भिंतीवरच्या पाटीपुरता राहतो.

दवाखान्यात बाळंत होणं सुरक्षित असतं, हे आज आपण गृहीत धरतो. दीडशे वर्षांपूर्वी उलट होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातला सुईणींच्या प्रशिक्षणाचा वॉर्ड १८६७ मध्ये बंद केला, कारण तिथल्या बाळंतिणी सूतिकाज्वराने जात होत्या. मग तिने आकडे गोळा केले आणि १८७१ मध्ये पुस्तक लिहिलं. घरी बाळंत होणाऱ्या गरीब बायका प्रसूतिगृहातल्या बायकांपेक्षा जास्त जगत होत्या. नाइटिंगेलच्या हातातला दिवा सगळ्यांना आठवतो. तिच्या हातातली आकड्यांची वही मला जास्त जवळची. पुढे हात धुणं, निर्जंतुक हत्यारं, रक्त, प्रतिजैविकं आली आणि पारडं फिरलं. प्रसूती दवाखान्यात गेली ते चांगलंच झालं. पण सव्वा महिना कोणी दवाखान्यात काढत नाही. तो घरातच जातो.

तो घरात नीट कसा काढायचा, हे जगाला महाराष्ट्राने शिकवलं. १९९३ मध्ये गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांच्या घरच्या काळजीचा प्रयोग सुरू केला. आधी नुसतं बघितलं. १९९५-९६ या वर्षात गावातल्या निम्म्याहून जास्त नवजात बाळांना डॉक्टरी इलाजाची गरज पडली. तो मिळाला शंभरातल्या तिघांनाही नाही. बायकांचंही त्यांनी मोजलं. बाळंतपणानंतरच्या काळात सुमारे ४३ टक्के बायकांना काही ना काही दुखणं होतं. ही दुखणी कुठल्याच रजिस्टरात नव्हती, कारण बाई ती सांगत नाही आणि तिला कोणी विचारत नाही.

मग गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केलं. तिने घरी जायचं, वजन करायचं, श्वास मोजायचा, बाळ गरम ठेवायला शिकवायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. तिसऱ्या वर्षी शेजारच्या, प्रयोग नसलेल्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. डिसेंबर १९९९ मध्ये हे छापून आलं. गावातल्या बाईच्या हातात सुई दिली म्हणून तेव्हा डॉक्टर मंडळींत पुष्कळ कुरकुर झाली. ज्यांना ती कुरकुर सुचली, त्यांच्यापैकी कोणी रात्री दोन वाजता गडचिरोलीच्या त्या खेड्यांत इंजेक्शन द्यायला जाणार होतं, असं मात्र ऐकिवात नाही.

त्या कामातली एक वस्तू मला फार आवडते. सुईणींना दहा-बारापर्यंतच मोजता येई. बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल तर धोका, हे त्यांना कसं कळणार? म्हणून एक साधं यंत्र केलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेला मणी गाठला, तर बाळ आजारी. अक्षरओळख नसलेली बाई निमोनियाचं निदान करू लागली. मोजणं हे शिकलेल्यांचंच काम, हा आपला गर्व त्या मण्यांनी उतरवला.

गडचिरोलीचं हे काम २०११ मध्ये देशभरच्या आशाताईंकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक जास्त. जुन्नरहून आलेल्या नर्सिंगच्या मुलींनो, तिसऱ्या दिवसाची भेट मी जरा सावकाश सांगते, कारण परीक्षेत ती दोन ओळींत लिहितात.

जुलै महिना धरा. घाटघरचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. लाकडं ओली, घरात धूर, बाळ आईच्या कुशीत गोधडीत. आशाताईने आल्या आल्या बाळाला हात लावायचा नाही. आधी हात धुवायचे, कोपरापर्यंत, आणि वाळू द्यायचे. ओल्या गार हाताने बाळ दचकतं, रडतं, आणि रडणाऱ्या बाळाचा श्वास मोजता येत नाही. म्हणून पहिलं काम श्वासाचं. अंगडं छातीवरून जरासं वर करायचं, पोट वर-खाली होताना बघायचं, पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. कारण नवजात बाळ भराभर दहा श्वास घेतं आणि मध्येच थांबतं, मग पुन्हा घेतं. साठ किंवा वर आलं, तर परत मोजायचं. दुसऱ्यांदाही तेच आलं, तर निघायचं.

मग पोटाला हात आणि तळपायाला हात. पोट गरम, तळवे गार, म्हणजे बाळ गारठतंय. दोन्ही गार, म्हणजे उशीर होतोय. मग काखेत थर्मामीटर. मग झोळीच्या काट्यावर वजन, आधी रिकाम्या झोळीचा काटा शून्यावर आणून. नाळ कोरडी आहे का, डोळे चिकटतात का, उजेडात धरल्यावर तळहात-तळपायापर्यंत पिवळं आहे का. आणि एकदा तरी बाळ पाजताना शेजारी बसून बघायचं. ‘पितंय ना?’ असं दारातून विचारलं, तर कुठलीही आई ‘हो’ म्हणते.

आई राहिलीच. नेहमी राहते. घरात शिरल्यावर सगळे बाळाकडे वळतात, नर्ससुद्धा. तिला विचारायचं: कालपासून किती घड्या बदलल्या? वास येतो का? थंडी वाजून ताप आला का? डोकं फार दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का? झटके बाळंतपणानंतरही येतात, तेव्हा रक्तदाब बघितलाच पाहिजे. लघवी होते का? छाती दगडासारखी झाली का? आणि सासूबाईंना पाणी आणायला धाडून हळूच, मन कसं आहे? तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येतं, ते ओसरतं. दोन आठवड्यांनीही येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर ते ‘वारं लागलं’ म्हणून सोडायचं नाही.

आता मागे बसलेल्या आज्यांशी दोन शब्द. आमच्या पुस्तकांनी तुमच्या रीतींना सरसकट नावं ठेवली, ते काही बरं केलं नाही. सव्वा महिना बाळंतिणीला कामाला लावायचं नाही, तिला ऊब द्यायची, डिंक-अळीव, नाचणीची पेज द्यायची, परक्यांनी बाळाला हाताळायचं नाही, यात चूक काय? वैद्यकशास्त्रानेही सूतिकाकाळ ४२ दिवसांचाच मानला आहे. पण आज्ये, पहिला चीक पिळून टाकायचा नाही, तो बाळाची पहिली लस आहे. मध नको, गुटी नको, नाळेला राख-हळद-तेल काही नको. पहिल्या चोवीस तासांत अंघोळ नको, पुसलं की पुरे. शेगडी असू द्या, पण दार बंद करून धुरी नको. आणि बाळंतिणीला पाणी तोडायचं नाही. पाणी प्यायल्याने पोट सुटत नाही.

बाळ दोन किलोच्या आत भरलं, तर ते आईच्या उघड्या छातीला, कपड्याच्या आत बांधायचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं. २०२१ मध्ये पाच देशांतल्या, त्यात भारतही आला, अभ्यासाने दाखवलं, की फार कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं ठेवलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात. इथून जुन्नर तिसेक किलोमीटर. १०८ ची गाडी आली तरी त्या रस्त्यावर बाळ वेगळ्या दुपट्यात आणि आई वेगळ्या बाकावर, असं पाठवू नका. त्या तासाभरात आईच्या छातीएवढी भरवशाची पेटी कुठे नाही.

एवढं सगळं करणाऱ्या आशाताईला काय मिळतं? सहा भेटींचे मिळून २५० रुपये. भेटीला ४२ रुपयेही पडत नाहीत. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर अट होती, की बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघं सुखरूप असतील तरच ते द्यायचे. म्हणजे ज्या घरी ती सगळ्यात जास्त वेळा धावली, रात्री गाडीत बसून गेली, आणि तरी बाळ गेलं, तिथलेच पैसे नाहीत. ही अट लिहिणाऱ्याने श्वास कधी मोजला नसावा. राज्यात २०२३-२४ मध्ये आशाताई संपावर बसल्या, मग मासिक मोबदल्यात ५००० रुपयांची वाढ झाली. ती मिळवली त्यांनी रस्त्यावर बसून, हे विसरू नये. मी स्वतः पगारी नोकरी केली, निवृत्तिवेतन घेते. त्यामुळे त्यांच्या कामाला कोणी नुसतीच पुण्याई म्हणू लागलं, की मला संकोच वाटतो. याच जुन्नर तालुक्यात ओतूरला ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावलं म्हणून खटला झाला होता. दक्षिणा कोणाला आणि कशासाठी, हा प्रश्न जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने तेव्हाच विचारला होता. तो आपण या कामाबाबतही विचारावा.

पैशांवरून बाळंतिणीच्या पैशांकडे येते. कंपनीत काम करणाऱ्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. घाटघरच्या बाईला पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये, तेही हप्त्यांनी. बाळ जूनमध्ये झालं तर लावणी पुढ्यात. थंडीत झालं तर भात निघालेलं असतं आणि घरचं बिऱ्हाड मजुरीला नारायणगावला उतरतं. तिथला मजुरांचा बाजार तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. जुन्नर, आंबेगाव, अकोले, कुठकुठली कुटुंबं येतात. शेतकरी येतो, रोज ठरतो, टेम्पो भरतो. त्या गर्दीत पदराखाली पंधरा दिवसांचं बाळ घेऊन उभी असलेली बाई शोधावी लागत नाही.

तिची एकविसाव्या दिवसाची भेट कोणी द्यायची? घाटघरची आशाताई घरी जाते, दाराला कडी असते, फॉर्मवर ‘स्थलांतरित’ लिहिते. नारायणगावच्या आशाताईच्या यादीत ती बाई नाही. दोघींचीही चूक नाही आणि बाळ मात्र दोन याद्यांच्या मध्ये पडलं. माझी सूचना अगदी छोटी आहे, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे ती लेखीही देणार आहे. बाळंतिणीचा भेटींचा कागद दवाखान्याच्या फायलीत न ठेवता तिच्याजवळ द्यावा, प्लॅस्टिकच्या पाकिटात, तारखा आणि वजनं लिहून. गाव सोडताना आशाताईने नारायणगावला एक फोन करावा. आणि हंगामात त्या बाजाराजवळ आडोसा करून एक एएनएम बसवावी. काटा, थर्मामीटर, सेकंदकाट्याचं घड्याळ, रक्तदाबाचं यंत्र, लोहाच्या गोळ्या. ज्या आशाताईने भेट दिली, पैसे तिला, मग बाई कुठल्याही गावची असो.

याला नवी इमारत लागत नाही. एक टेबल, दोन खुर्च्या आणि मागे बाळाला पाजायला पडदा लागतो. पडदा विसरू नका, नाहीतर बायका येणार नाहीत.

आता प्रश्न विचारा. आज्यांनी आधी.